२४० पानांची पटकथा आणि बाबांची काळजी

प्रश्न : मी कोपरखैरणेला राहते, बारावी कला शाखेत आहे. जॉन मार्सडेन यांची ‘टुमॉरो, व्हेन द वॉर बिगॅन’ ही कादंबरी, परक्या सैन्याने देश ताब्यात घेतल्यावर लढणाऱ्या ऑस्ट्रेलियन मुलांची गोष्ट, वाचून झपाटून गेले. तिच्यावरच्या सिनेमात बरंच राहून गेलंय असं वाटलं, म्हणून मीच २४० पानांची पटकथा लिहिली. मला हेच करायचंय. बाबा म्हणतात, आधी पोटापाण्याचं बघ. काय करू?

उत्तर : बारावीच्या वर्षात २४० पानं लिहून पूर्ण करणारी मुलं मला फार भेटत नाहीत. मनापासून कौतुक. आता कामाचं बोलू.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. तुझा सिनेमा चार तासांचा झाला! २०१० चा सिनेमा पावणेदोन तासांच्या आसपास आहे. स्टुअर्ट बीटी यांनी तो लिहिला आणि दिग्दर्शितही केला. तुला जे राहून गेलं वाटतं, त्यातलं पुष्कळ त्यांनी विचार करून सोडलं असणार. काय सोडायचं हे ठरवताना लेखकाचा खरा कस लागतो. कादंबरीत मित्रांनी सोपवलं म्हणून नायिका एली सगळी हकिगत लिहून काढते. सिनेमात ती व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर बोलते. एवढ्या एका बदलाने प्रेक्षकाला तिचा चेहरा मिळाला.

आता गवत कापायच्या यंत्राचा प्रसंग आठव. त्यातल्या पेट्रोलचा भडका उडवून ती सैनिकांना मारते. भडका काही सेकंदांचा. पुस्तकात तिच्या मनातली घालमेल मात्र कितीतरी वेळ चालू राहते. स्फोट उभा करायला सेटवर तज्ज्ञ असतात. नंतर एली हात कशाला पुसते, कुणाची नजर टाळते, हे लेखकालाच सुचावं लागतं. एवढाच प्रसंग निवेदनाशिवाय तीन पानांत पुन्हा लिही.

ही पटकथा सरावापुरतीच ठेव. कादंबरीवर सिनेमा करायचा हक्क लेखकाचा, किंवा त्याने ज्याला लिहून दिला त्याचा. मार्सडेन २०२४ मध्ये गेले, पण आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखकामागे ६० वर्षं कॉपीराइट राहतो. स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी केलीस तर तुझ्या लेखनाला तारखेचा पुरावा मिळेल, कादंबरीचे हक्क नाही. कुणाला दाखवायला स्वतःची गोष्ट हवी. ठाणे-वाशी लोकल एका सकाळी बंद पडली आणि पुन्हा सुरूच झाली नाही, तर तुमच्या बिल्डिंगमधली मुलं काय करतील?

बाबांचं चुकत नाही. पटकथेचे पैसे पगारासारखे येत नाहीत. खर्ड्यागणिक, टप्प्याटप्प्याने येतात, आणि काम मध्येच थांबलं की पुढचे टप्पे राहून जातात. म्हणून पदवी घेच. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत पटकथालेखन शिकायलाही पदवी लागते. माझं मत विचारशील तर इतिहास किंवा साहित्य घे. मास मीडियाही चालेल. काही महिन्यांत पटकथाकार बनवतो म्हणणाऱ्या महागड्या वर्गांत मात्र बाबांचे पैसे घालू नकोस. शिकता शिकता सबटायटल्स, डबिंगचे मराठी संवाद अशी कामं शोध. थोडी कमाई होईल आणि कमी शब्दांत बोलायची सवय लागेल.

बाबांना २४० पानं वाचायला देऊ नकोस. ती तीन पानं दे.