छोट्या तळ्यातले मासे हिवाळ्यात घरात कसे आणावेत? गेल्या वर्षी आणले आणि आठवड्याभरात निम्मे मेले.

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: अंगणात दीड फूट खोलीचं तळं, त्यात बोटाएवढे आठ गोल्डफिश आणि गप्पींचा घोळका. गेल्या वर्षी थंडी पडल्यावर सगळे एकदम काचेच्या टाकीत आणले, नवं पाणी भरलं, हीटर लावला. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मासे मरायला लागले. यंदा काय वेगळं करावं, हे तुम्हाला विचारायचं आहे.

वाचताना माझा पहिला हिवाळा आठवला. मीही टाकी घासून लख्ख केली होती, पाणी दोन दिवस उघडं ठेवून मग मासे सोडले होते. चौथ्या दिवशी सकाळी पाहिलं तर सगळे पृष्ठभागाला चिकटून तोंड उघडमीट करत होते. पर अंगाला मिटलेले, कल्ल्यांच्या कडा लालभडक. पाणी मात्र आरपार स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे दोष पाण्यात असेल असं मनातही आलं नाही. मी हीटर आणखी दोन अंश वाढवला. संध्याकाळपर्यंत तीन मासे गेले.

ते मासे अमोनियाने गेले होते. तुमचेही त्यानेच गेले असावेत, असं तुमच्या वर्णनावरून मला वाटतं.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. तळ्यात दगडांवर, भिंतींवर, शेवाळात जिवाणूंचा एक बुळबुळीत थर असतो. त्यातले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांना विष आहेत. नायट्रेट त्या मानाने बरंच निरुपद्रवी. नव्या टाकीत हा थर नसतो आणि तो तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात भर हीटरची. पाणी जितकं गरम, तितका त्यातला जास्त अमोनिया विषारी रूपात असतो. शिवाय 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर 25 अंशांना जेमतेम 8. आणि गरम पाण्यात माशाचं शरीर जोरात चालतं, म्हणजे त्याला ऑक्सिजन जास्त हवा असतो, भूक जास्त लागते आणि तो घाणही जास्त करतो. हे सगळं एकाच आठवड्यात त्या बिचाऱ्यांवर येतं.

म्हणून माझं म्हणणं असं की मासे आणायच्या आधी तळ्यातले जिवाणू आत आणायची तयारी करा. हे काम थंडीच्या निदान सहा आठवडे आधी सुरू करायचं असतं. एक साधा स्पंज फिल्टर, जो एअर पंपावर चालतो, तो तळ्यातच लावून ठेवा. पाणी अजून कोमट असतं तेव्हा जिवाणू भराभर वाढतात. गारठा पडला की त्यांचीही वाढ मंदावते. दीड महिन्यात तो स्पंज तपकिरी आणि चिकट होतो. हात लावला की किळस येते, पण तो रंग म्हणजे तुमच्या माशांचा विमा आहे. तो नळाखाली कधीही धुऊ नका. फार तुंबला तर तळ्याच्याच पाण्यात बादलीत दोनदा हलकेच पिळा. मासे आणायच्या दिवशी स्पंज ओलाच टाकीत न्या आणि लगेच पंप सुरू करा. तळ्यातले चार दगड आणि थोडी पाणवनस्पतीही सोबत घ्या. मात्र तिच्यात चतुराच्या अळ्या लपलेल्या नाहीत ना, हे नीट झटकून बघा. त्या अळ्या छोटे मासे खातात.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे सगळ्यांना आणायलाच हवं का. गप्पींना हवंच. 18 अंशांखाली त्या सुस्तावतात आणि पाणी 15 च्या आसपास बरेच दिवस राहिलं तर मरायला लागतात. गोल्डफिशची गोष्ट वेगळी. 4 अंशांचं पाणी सगळ्यात जड असतं, ते तळाशी बसतं आणि बर्फ वर तरंगतो. त्यामुळे जमिनीत खणलेलं तळं दोन-अडीच फूट खोल असेल तर कॉमेट किंवा शुबंकिनसारखे लांबट गोल्डफिश तळाशी शांत पडून हिवाळा काढतात. ऑक्सिजन संपला तरी काही काळ तग धरायची अद्भुत सोय त्यांच्याकडे आहे. ते शरीरातल्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून कल्ल्यांतून बाहेर टाकतात. हे नेमकं कोणत्या विकरामुळे (एन्झाइममुळे) जमतं, ते ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं. इतका चिवट मासा आपल्या टाकीत चार दिवसांत मरतो, यावरूनच कळतं की मारणारी थंडी नसते.

तुमचं तळं दीड फुटाचं आहे. तुमच्याकडे पाण्यावर पहाटे फक्त पातळ साय धरत असेल आणि दुपारपर्यंत वितळत असेल, तर लांबट गोल्डफिशना मी बाहेरच ठेवेन. आठवडेच्या आठवडे जाड बर्फ राहत असेल, किंवा तळं म्हणजे जमिनीवर ठेवलेला टब असेल, तर आत आणा, कारण टब चारही बाजूंनी गोठत येतो. गोल पोटाचे, दुहेरी शेपटीचे ओरांडा किंवा रांचू असतील तर तेही आत. बाहेर ठेवलेत तर तळाची कुजकी पानं आधी काढा, पाणी 10 अंशांखाली गेलं की खाणं पूर्ण बंद करा, आणि बर्फ हातोडीने फोडू नका. त्या धक्क्याने खालचे मासे दुखावतात. गरम पाण्याचं भांडं वर ठेवून भोक पाडता येतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. बहुतेक जण पहिल्या कडाक्याची वाट बघतात. तोवर तळं 8 अंशांवर आणि खोली 20 वर असते, म्हणजे उडी 12 अंशांची. त्याऐवजी तळ्याचं आणि खोलीचं तापमान जवळजवळ सारखं असतं त्या दिवसांत आणा. त्यासाठी पाण्यात तरंगणारा थर्मामीटर ठेवा आणि रोज पहाटे बघा, दुपारी नको. पहाटेचा आकडा 20 च्या खाली यायला लागला की गप्पी आत. गोल्डफिशना 15 पर्यंत सवड आहे.

उशीर झालाच असेल तर एक सोपी युक्ती आहे. टाकी तळ्याच्याच पाण्याने भरा, मासे त्यात सोडा, हीटर लावू नका. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ती ठेवा आणि पाणी व मासे एकत्रच हळूहळू तापू द्या. चाळीस-पन्नास लिटर पाणी खोलीइतकं व्हायला बरेच तास घेतं, आणि तोच वेग माशांना सोसतो. दुसऱ्या दिवसापासून रोज थोडं थोडं पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन एक दिवस उघडं ठेवल्यावर उडतं, पण काही ठिकाणी त्याऐवजी वापरलं जाणारं क्लोरामाइन तसं उडत नाही, म्हणून क्लोरीन मारायचं द्रावण बाटलीवरच्या प्रमाणात घाला. नवं पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच गार-गरम असू द्या.

पकडताना जाळीने पाठलाग करू नका. तळ्याची पातळी निम्म्यावर आणा, एक मोठा वाडगा पाण्यात बुडवून ठेवा आणि जाळीने मासे फक्त त्या दिशेने हाका. मासा वाडग्यात आला की पाण्यासकट उचला. जाळीत तडफडला की त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो, आणि रोग आत शिरायची वाट तीच असते.

टाकीला झाकण किंवा जाळी हवीच. पहिल्या रात्री मासे उड्या मारतात. दोन दिवस टाकीच्या तीन बाजूंना कागद लावा, दिवा मंद ठेवा, खायला काही देऊ नका. नंतरही दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच. गोल्डफिशला पोटाची पिशवी नसते, खाल्लेलं थेट आतड्यात जातं, त्यामुळे तो कायम भुकेला दिसतो. त्याच्या त्या बघण्याने विरघळू नका.

पहिले दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट रोज तपासा. दोन्ही शून्य हवेत. काही दिसलं तर त्याच दिवशी पाव हिस्सा पाणी बदला. नायट्राइट वाढलं असेल तर 10 लिटरमागे 10 ग्रॅम साधं मीठ आधी वेगळं विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. चारपाच दिवस बरे गेले म्हणून तपासणी थांबवू नका.

घरात आणल्यावर मासे तुम्हाला पहिल्यांदा बाजूने दिसतील, आणि त्याचा उपयोग करून घ्या. तळ्यात आपण फक्त पाठ बघत असतो. खवल्यांतून बाहेर आलेला बारीक दोरा दिसला तर तो लर्निया, ज्याला अँकर वर्म म्हणतात. अंगावर सरकणारी पारदर्शक चपटी टिकली म्हणजे माशाची ऊ. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे इक. या इकचं चक्र 10 अंशांना महिन्याहून जास्त चालतं आणि 25 अंशांना आठवड्याच्या आत पुरं होतं. म्हणजे तळ्यात दबून असलेला रोग घरात आल्यावर अचानक उसळू शकतो. औषध फक्त पाण्यात मोकळ्या पोहणाऱ्या अवस्थेवर चालतं. ठिपके गेले तरी आणखी काही दिवस ते चालू ठेवावं लागतं.

गप्पी आणि गोल्डफिश एका टाकीत ठेवू नका. गप्पींना 22 ते 26 अंश आणि हीटर हवा, लिटरमागे साधारण एक वॉट. गोल्डफिशना हीटर नकोच. 15 ते 20 अंशांची थंड खोली त्यांना मानवते. शिवाय गोल्डफिश गप्पींची पिल्लं गिळतात. आठ गोल्डफिशना मी माशामागे निदान 20 लिटर धरेन, म्हणजे 160 लिटर. टाकी पुरणार नसेल तर प्लास्टिकची मोठी टाकी किंवा टब चांगला चालतो, काचच हवी असं काही नाही. सगळ्या गप्पी मावणार नसतील तर सहा-सात माद्या आणि दोन नर पुरे, कारण मादी एकदा मिळालेलं वीर्य काही महिने साठवून त्यावर अनेकदा पिल्लं घालते. उरलेल्या कुणा मासे पाळणाऱ्याला द्या. नदीत किंवा तलावात सोडू नका. गोल्डफिश आणि गप्पी दोन्ही अनेक देशांत तिथल्या मूळ माशांच्या मुळावर आले आहेत.

वीज गेली तर गप्पींच्या टाकीभोवती जाड पांघरूण गुंडाळा, वरची बाजू मोकळी ठेवा. पंप बरेच तास बंद राहणार असेल तर मधूनमधून वाटीने पाणी उचलून उंचावरून परत ओता, म्हणजे मासे आणि स्पंजातले जिवाणू दोघांनाही हवा मिळेल.

थंडी सरल्यावर परत सोडायची घाई होते. एका उबदार दुपारी फसू नका. तळ्याचा पहाटेचा आकडा सलग आठवडाभर 15 च्या वर राहिला की गोल्डफिश, 20 च्या वर राहिला की गप्पी. जाताना स्पंजही परत तळ्यात लावा. पुढच्या हिवाळ्यासाठी तो तिथेच तयार होत राहील.