वेगाचं ई-चलान आलं: भरायचं की हरकत घ्यायची?

वाचकांचे प्रश्न : वाहन आणि कायदा

या अंकासाठी वेगमर्यादेच्या ई-चलानाबद्दलचीच पत्रं निवडली आहेत. रक्कम लहान असते म्हणून माणसं एक तर न बघता भरून टाकतात, नाही तर वर्षानुवर्षं तशीच पडू देतात. दोन्हींत नुकसान आहे.

प्रश्न : मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर माझ्या कारचा वेग ११२ नोंदवला गेला. मर्यादा १०० आहे. २००० रुपयांचं चलान आलं. माझ्या आठवणीप्रमाणे काटा शंभरच्याच आसपास होता. निमूटपणे भरू, की तक्रार करू? (चिंचवड)

आधी चलान उघडून फोटो पाहा. निर्णय त्यानंतर. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी बाकी चलानं दिसतात. हे आकडे आरसीवर असतात. महाट्रॅफिक ॲपवरही तीच माहिती मिळते.

फोटो मोठा करून नंबर प्लेटचं एकेक अक्षर वाचा. बी आणि ८, डी आणि शून्य यांची गल्लत होऊ शकते, विशेषतः रात्रीच्या फोटोत. मग गाडीचं मॉडेल, रंग, काचेवरचे स्टिकर आपलेच आहेत ना, हे बघा. चौकटीत दोन गाड्या शेजारीशेजारी असतील तर वेग नेमका कोणाचा मोजला, हा रास्त प्रश्न आहे. लेझर गनच्या फोटोत नेम धरल्याची खूण असते. ती खूण तुमच्या गाडीवर हवी. शेवटी ठिकाण आणि वेगमर्यादा तपासा. एक्सप्रेसवेवर कारला सपाटीला १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. समृद्धी महामार्गावर कारला १२० आहे. ठिकाण एक आणि मर्यादा दुसऱ्याच पट्ट्याची लागली असेल, तर तो हरकतीचा भक्कम मुद्दा होतो.

कॅमेऱ्यावरून निघणाऱ्या चलानासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-अ हा नियम आला. त्यानुसार यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. कॅमेऱ्याआधी वाहनचालकांना दिसेल असा सूचनाफलक लागतो. गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची असते. चलानासोबत नंबर प्लेट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख-वेळ-ठिकाण, मोडलेलं कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. यातलं काही नसलं म्हणून चलान आपोआप रद्द होत नाही, पण हरकत घ्यायला पाया मिळतो.

आता तुमच्या काट्याबद्दल. कारचा स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्तच दाखवेल असा लावलेला असतो, कमी दाखवणं त्याला मान्य नसतं. काटा शंभरवर असेल तर खरा वेग बहुधा ९५-९८ असतो. म्हणजे खरा वेग ११२ असेल तेव्हा काटा ११४ च्या पुढे गेलेला असणार. अपवाद टायर बदलल्याचा. १८५/६५ आर १५ च्या जागी १९५/६५ आर १५ बसवले तर चाकाचा व्यास दोन टक्क्यांनी वाढतो आणि काटा १०० दाखवताना गाडी आधीपेक्षा साधारण २ किमीने जास्त धावते. बारा किमीचा फरक यातून निघत नाही. त्यामुळे ‘आठवतं तसं शंभरच होतं’ एवढ्यावर हरकत टिकणार नाही.

फोटो, ठिकाण, मर्यादा सगळं बरोबर निघालं तर भरून टाका. मात्र भरण्याचा अर्थ नीट समजून घ्या. २००० रुपये भरले की विषय मिटला, असं बहुतेकांना वाटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलं आहे, की तडजोड शुल्क (म्हणजे न्यायालयात न जाता प्रकरण मिटवण्यासाठी भरलेली रक्कम) भरलं तरी तो गुन्हा ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जातो. कलम १८३ खाली हलक्या वाहनाला पहिल्या वेळी १००० ते २००० रुपये दंड आहे. त्यानंतर पुन्हा वेग ओलांडला तर लायसन्स जप्त करून निलंबनाच्या कारवाईसाठी पाठवण्याची तरतूद आहे. म्हणून आमचं स्पष्ट मत : चूक तुमची नसेल तर रक्कम किरकोळ आहे म्हणून भरू नका. तुम्ही न केलेला गुन्हा तुमच्या खाती मोजला जाईल.

हरकत त्याच संकेतस्थळावरच्या किंवा ॲपवरच्या तक्रार विभागात नोंदवा आणि मुद्दा एकच ठेवा. उदाहरणार्थ : ‘चलान क्रमांक अमुक. फोटोतील गाडी पांढरी सेडान असून माझी गाडी लाल हॅचबॅक आहे. आरसी आणि गाडीचे पुढून-मागून फोटो जोडले आहेत. चलान रद्द करावे.’ बस, एवढंच. ‘सगळेच जोरात जात होते’, ‘घाईत होतो’ ही वाक्यं लिहू नका, कारण त्यात वेग ओलांडल्याची कबुलीच असते. तक्रार चालू असताना पैसे भरू नका, भरले की तडजोड झाली असं धरलं जातं. तक्रार फेटाळली गेली तर मार्ग न्यायालयाचा. तिथे स्वतः उभं राहून म्हणणं मांडता येतं, पण किमान एक दिवसाची रजा आणि प्रवास धरून चाला.

प्रश्न : कॅमेरा दिसला की मी वेग नेहमी ९० वर आणतो. तरीही चलान आलं. यंत्रातच बिघाड असणार ना? (खारघर)

बिघाडापेक्षा सरासरी वेगाची शक्यता जास्त आहे. एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ पासून सुरू झालेली यंत्रणा एका जागेचा वेग मोजतेच, शिवाय दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेगही मोजते. हिशोब सोपा आहे. दोन कॅमेऱ्यांत १० किमी अंतर असेल आणि मर्यादा १०० असेल, तर ते अंतर कापायला किमान ३६० सेकंद लागायला हवेत. तुम्ही ३२० सेकंदांत पोहोचलात तर सरासरी ११२ निघते. दोन्ही कॅमेऱ्यांखालून जाताना काटा ९० वर होता, याने उत्तरात काही फरक पडत नाही.

पडताळा घरबसल्या घेता येतो. चलानावरचं ठिकाण रस्त्याच्या किमी-दगडांशी जुळवून अंतर काढा. फास्टॅगच्या खात्यावर दोन टोलनाक्यांच्या नोंदी असतील तर त्यांच्या वेळा घ्या. मात्र पैसे कापल्याचा मेसेज आला ती वेळ धरू नका, तो उशिरा येऊ शकतो. नाक्यावर टॅग वाचला गेल्याची वेळ स्टेटमेंटमध्ये असते, ती धरा. एक ढोबळ माप लक्षात ठेवा : कळंबोली ते किवळे या एक्सप्रेसवेच्या दोन टोकांमधले सुमारे ९४.५ किमी शंभरच्या वेगाने सलग कापले तरी ५७ मिनिटं लागतात, आणि घाटातली मर्यादा त्याहून कमी आहे. त्यामुळे नियमात राहून हा रस्ता तासाभराच्या आत होतच नाही.

असाच आणखी एक मुद्दा पत्रांत येतो : ‘पोलिसांनी स्पीडगन तिरकी धरली होती.’ तिरक्या कोनातून मोजल्यावर वेग कमी दिसतो. २० अंशांच्या कोनातून शंभरचा वेग ९४ भरतो. म्हणजे तिरकेपणाचा फायदा चालकालाच होतो. हा मुद्दा मांडू नका.

प्रश्न : गाडी माझ्या नावावर आहे, चालवत होता मुलगा. चलान माझ्या नावाने आलं आहे. भरलं तर माझ्या लायसन्सवर येईल का? (कराड)

कॅमेऱ्याला नंबर प्लेट दिसते, चालक दिसत नाही, म्हणून चलान आरसीवरच्या मालकाला येतं. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारल्यावर सांगणं मालकावर कलम १३३ ने बंधनकारक आहे. दंड तुम्ही भरला आणि काहीच कळवलं नाही, तर तुम्हीच चालवत होता असं धरलं जाण्याची वाट मोकळी राहते. म्हणून पैसे भरण्याआधीच चालकाचं नाव, लायसन्सचा नंबर आणि प्रत तक्रार विभागात किंवा चलान काढणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. घरात एकच गाडी तिघं-चौघं चालवत असतील तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण सगळ्यांचे गुन्हे एकाच नावावर जमा होत राहतात.

मुलाचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. तो १८ च्या आतला असेल तर ही २००० रुपयांची बाब राहत नाही. कलम १९९-अ खाली पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, अशी शिक्षा आहे. तसं असेल तर काहीही कळवण्याआधी वकिलाशी बोला.

प्रश्न : स्कूटर दोन वर्षांपूर्वी विकली. अजून वेगाची चलानं मलाच येतात. (मिरज)

याचा अर्थ आरसीवर अजून तुमचंच नाव आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ देऊन आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरून नाव बदलून घ्यायचं असतं. बरेच जण दोन्ही फॉर्म सह्या करून एजंटच्या हाती ठेवतात आणि ते तिथेच राहतात. विक्रीची पावती, डिलिव्हरीची तारीख-वेळ लिहिलेला कागद आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घेऊन आजच आरटीओत लेखी कळवा आणि त्याची पोच चलानांच्या हरकतीला जोडा. चलानं ही यातली लहान गोष्ट आहे. त्या स्कूटरने अपघात केला तर भरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच धरलं जातं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर ‘तुमचं चलान बाकी आहे’ म्हणून एक फाइल आली. उघडायची का? (सोलापूर)

नाही. नावाच्या शेवटी एपीके असलेली फाइल म्हणजे ॲप असतं. ते मोबाइलमध्ये बसलं की मेसेज वाचून ओटीपी चोरतं. चलान कधीही फाइलमधून भरायचं नसतं. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. तो स्वतः टाइप करा आणि तिथे आपल्या गाडीवर चलान आहे का ते पाहा. फाइल चुकून उघडली असेल तर आधी मोबाइलचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं रोखा आणि १९३० वर तक्रार नोंदवा.

प्रश्न : लोकअदालतीत निम्म्यात सुटतं म्हणून तीन चलानं ठेवून दिली आहेत. थांबू का? (नागपूर)

थांबू नका. लोकअदालतीत प्रकरण सहमतीने मिटतं, सवलत हा कोणाचा हक्क नाही. तिथे झालेल्या निवाड्यावर अपीलही नाही. त्यामुळे ज्या चलानात तुमची चूकच नाही ते लोकअदालतीत नेऊन ‘कमी करून द्या’ म्हणणं तर अगदीच चुकीचं, कारण कमी भरलं तरी भरलंच.

‘सहा महिने उलटले की चलान बाद होतं’ असंही सर्रास सांगतात. फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत आहे, हे खरं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ५१४ आहे. पण हा मुद्दा न्यायालयात मांडावा लागतो. संकेतस्थळावरची बाकी त्याने पुसली जात नाही. गाडी विकताना किंवा दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी ना-हरकत घेताना ती आडवी येऊ शकते, आणि ते बहुधा गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना कळतं. तिन्ही चलानांचे फोटो आज पाहा. बरोबर असतील ती भरा, चुकीच्यांवर हरकत घ्या.

प्रश्न : चलान नाशिकचं आहे आणि माझी गाडी त्या दिवशी चिपळूणच्या बाहेर गेलीच नव्हती. नंबर मात्र अगदी माझाच. (चिपळूण)

आधी फोटोत अक्षर चुकीचं वाचलं गेलं नाही ना, हे पाहा. तसं नसेल तर कोणीतरी तुमच्या नंबरची बनावट प्लेट लावून फिरत आहे. हे हलक्यात घेऊ नका. आज वेगाचं चलान आहे, उद्या त्याच प्लेटची गाडी धडक देऊन पळाली तर पोलीस तुमच्या दारात येतील.

आपल्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. चलानातल्या फोटोशी बारीक तुलना करा : हाय सिक्युरिटी प्लेटवरचा होलोग्राम, बंपरवरचा ओरखडा, आरशांची ठेवण, चाकांच्या टोप्या, काचेवरच्या फास्टॅगची जागा. जितके फरक सापडतील तितके क्रमांक घालून लिहा. त्या दिवशी गाडी चिपळुणात होती याचा पुरावा गोळा करा. सोसायटीचं किंवा दुकानाचं सीसीटीव्ही, पेट्रोल पंपाची पावती, गॅरेजचं बिल, काहीही वेळेसह चालेल. सीसीटीव्ही सगळ्यात आधी मागा, कारण जुनं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं.

मग जवळच्या पोलीस ठाण्यात बनावट नंबर प्लेटची लेखी तक्रार द्या. तिची पोच चलानाच्या हरकतीला जोडा आणि एक प्रत आरटीओलाही द्या. मूळ पोच घरी ठेवा, झेरॉक्स गाडीच्या कागदांत. त्या नंबरच्या शोधात असलेले पोलीस रस्त्यात पहिल्यांदा अडवतील ते तुम्हालाच, आणि तेव्हा तोच कागद दाखवावा लागेल.