पहिली स्क्रॅम्बलर बांधताना

स्क्रॅम्बलर म्हणजे कच्च्या, खडबडीत मैदानावरच्या शर्यतींची मोटारसायकल. बीएसए या इंग्लिश कंपनीच्या नावाजलेल्या गोल्ड स्टारचा हट्ट धरू नकोस, सगळा पैसा तिच्यातच जाईल. 343 सीसीची बीएसए बी40 शोध. जेफ स्मिथनं 1964 आणि 1965 मध्ये 500 सीसी मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद ज्या बीएसएवर मिळवलं, ती याच घराण्यातली. सुटे भाग इंग्लंडात अजून मिळतात.

काही विकत घेण्याआधी शर्यती भरवणाऱ्या क्लबची नियमावली वाच. प्री-65, म्हणजे 1965 आधीच्या गाड्यांच्या गटात पुढचे कुठले फोर्क, चाकांचे कुठले हब चालतात, यावरच गाडी ठरते. व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्यांचा चांगला संच आधी घे. मेट्रिक पाना लावलास की नटाचे कोपरे गेलेच म्हणून समज.

आणि ऑइलकडे डोळ्यात तेल घालून बघ. हे ड्राय सम्प इंजिन, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत असतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीतलं ऑइल झिरपत इंजिनाच्या तळाशी, क्रँककेसमध्ये उतरतं. किक मारण्याआधी खालची प्लेट काढून ते निथळू दे, जाळी धू, टाकी पुन्हा भर. इंजिन सुरू झालं की टाकीचं झाकण उघडून आत डोकाव. परतीच्या नळीतून ऑइल बुडबुड्यांसह, थांबत थांबत पडताना दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर त्याच क्षणी बंद कर.

क्रोम, पॉलिश नंतर. आधी ब्रेक.