सरी सेटिंगने जाणार नाहीत

प्रश्न : काका, कोपरखैरण्याला आमच्या रो-हाउसच्या तळमजल्यावर छोटं सीएनसी मिलिंग मशीन (संगणकाच्या हुकमाने धातू कापणारं) बसवलंय. बेड, म्हणजे काम बसवायचा पाट, ३०० बाय ४०० मिमी. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वरून सपाट केली की नांगरलेल्या शेतासारख्या सरी उमटतात, नख फिरवलं तर अडकतं. कटर सरकण्याचा वेग (फीड), फिरण्याचा वेग (स्पीड), सगळं बदलून पाहिलं. शिवाय मशीन चाललं की वर सासूबाईंची झोपमोड होते. काय करू?

उत्तर : ताई, फीड-स्पीडला आता हात लावू नका. तुमचं स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, बेडला काटकोनात नाही, तिरकं उभं आहे. वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये मी तीस वर्षं काढली; तिथे नव्या मशीनवर डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) फिरवल्याशिवाय जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चढायचाच नाही. घरी पहिलं मशीन आणलं तेव्हा उत्साहाच्या भरात मीच तो नियम मोडला आणि पितळेच्या सहा पाट्या वाया घालवल्या. त्याची हळहळ अजून वाटते.

आधी एक परीक्षा करा. कटर डावी-उजवीकडे चालवून पट्टी सपाट करा, मग दुसरी पुढे-मागे चालवून. पहिलीवर सरी जास्त असतील तर स्पिंडल पुढे किंवा मागे झुकलंय. दुसरीवर असतील तर डावी-उजवीकडे.

आता मोजायचं. काचवाल्याकडून १० मिमी जाड काचेचा तुकडा घ्या, कडा घासून आणा आणि बेडवर ठेवा. थेट बेडवर मोजू नका, डायलची टोकणी खाचेत पडते. मशीनचा प्लग काढा. कोलेटमध्ये (कटर धरणाऱ्या पकडीत) सळई धरून तिला आडवा हात आणि हाताला डायल लावा, टोकणी स्पिंडलच्या मध्यापासून ५० मिमीवर. स्पिंडल हाताने हळूहळू फिरवा. पुढे काटा शून्यावर धरला आणि मागे वीस घरं (एक घर ०.०१ मिमीचं) पुढे गेला, तर १०० मिमीत ०.२० मिमीचा फरक. ६ मिमीच्या कटरखाली त्याची ०.०१२ मिमीची पायरी होते. कागदावर काहीच नाही, पण नखाला नेमकी तीच लागते.

मागे काटा जास्त दाबला जातोय म्हणजे स्पिंडलचा माथा मागे गेलाय. स्पिंडल धरणाऱ्या ब्रॅकेटच्या वरच्या बोल्टांपाशी, ब्रॅकेट आणि मागच्या प्लेटच्या मध्ये पत्री (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला. वरच्या-खालच्या बोल्टांत ६० मिमी अंतर असेल तर पत्री ०.१२ मिमीची. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमी निघतो. मायक्रोमीटरने मोजून घ्या, कडांची बर (कापताना उरलेली धार) कानशीने काढा. बोल्ट आवळून पुन्हा डायल फिरवा, कारण आवळताना ब्रॅकेट सरकतं. दोन-तीन फेऱ्यांत काटा दोन-तीन घरांत आला की थांबा. डावी-उजवीकडचा झुकाव त्याच बोल्टांच्या भोकांतल्या सैलपणात सुटतो: बोल्ट ढिले करा, ब्रॅकेट किंचित फिरवा, आवळा, मोजा.

हे झाल्यावर बेडवर एमडीएफचा तुकडा पक्का करून तो याच मशीनने सपाट करा. जॉब यापुढे त्यावरच. एमडीएफची धूळ फार बारीक असते, मास्क लावा आणि व्हॅक्यूम चालू ठेवा.

सासूबाईंची तक्रार रास्त आहे. मशीन हलक्या टेबलावर असेल तर टेबलच ढोलासारखं वाजतं. ओट्याचं काम करणाऱ्याकडे कडाप्प्याचा उरलेला तुकडा मिळेल. खाली जाड रबर, वर कडाप्पा, त्यावर मशीन. टेबल भिंतीला टेकवू नका. तरीही दुपारी दोन ते चार बंदच ठेवा.

आणि अर्थिंग आजच इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगमागे दोनच तारा असलेली वायर मी स्वतः उघडून पाहिली आहे. पावसाळ्यात खाडीची दमट हवा मशीनच्या रॉडवर गंज चढवते, तेव्हा काम संपलं की तेलाचं फडकं फिरवा.

डायलचं पुढचं-मागचं माप काय आलं ते नक्की कळवा. पत्री किती लागेल ते आपण मिळून काढू.