कळलं कधी, ते आधी सांगा

लग्नाआधी बायकोचे कुणाशी तरी संबंध होते, तिनं ते लपवलं, तर फसवणूक म्हणून लग्न रद्द होईल का? असं विचारणारी पत्रं दर महिन्याला येतात. या वेळचं साताऱ्याकडच्या एका वाचकाचं आहे. सहा पानं, त्यातली पाच बायकोच्या कॉलेजातल्या मित्रावर खर्ची पडलेली. कामाची ओळ एकच, तीही समासात कोंबलेली: ‘ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा जुना फोन विकायला काढला, तेव्हा मेसेज सापडले.’

तुमचं प्रकरण त्या ओळीतच संपलं.

फसवून संमती मिळवली असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२(१)(सी) खाली लग्न रद्द करून मागता येतं, हे तुम्हाला कुणीतरी बरोबर सांगितलं. त्याखालचं पोटकलम वाचायचं मात्र राहून गेलं. १२(२)(ए) म्हणतं की फसवणूक उघडकीला आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे आणि कळल्यानंतर अर्जदार राजीखुशीनं नवरा-बायको म्हणून राहिलेला नसावा. तुमचं वर्ष ऑक्टोबर २०२४ मध्ये सरलं. विलंबमाफी मागू म्हणाल, तर ती सोय मुदतीच्या कायद्यातली, आणि त्याचंच कलम २९(३) लग्न-घटस्फोटाच्या दाव्यांना त्या कायद्याबाहेरच ठेवतं.

दुसरी अट तर तुम्ही आपल्या हातानं मोडलीत. मेसेज सापडल्यावर बायको माहेरी गेली, पंधरा दिवसांनी तुम्हीच गाडी घेऊन तिला आणायला गेलात. पाडव्याला तिनं ओवाळलं, तुम्ही ओवाळणीत अंगठी घातलीत. त्याचा फोटोही पत्रासोबत जोडलाय! तो का, हे मला अजून उमगलेलं नाही. समोरच्या वकिलाला उलटतपासणीत याहून जास्त काही लागणार नाही.

मावसभाऊ म्हणतो, ‘आत्ताच कळलं’ असं शपथपत्रात लिही. अजिबात लिहू नका. त्या रात्री तुम्ही तिला पाठवलेले अकरा व्हॉट्सॲप मेसेज तिच्याकडे आहेत, तारीख-वेळेसकट. खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे.

मुदतीत आला असतात तर जिंकला असतात का? सांगता येत नाही. आधीचं लग्न किंवा घटस्फोट लपवणं, ही फसवणूक असल्याचं न्यायालयांनी अनेकदा मानलंय. नुसतं जुनं प्रेम कलम १२ ला लागणारी ‘महत्त्वाची बाब’ ठरेल यावर मी पैज लावणार नाही. शिवाय कांदेपोह्यांच्या वेळी तुम्ही विचारलं काय, तर ‘काही भानगड नाही ना?’ ती हसली. हसण्याला खोटं उत्तर मानणारा न्यायाधीश मला अजून भेटायचाय. तुमच्या स्वतःबद्दल तुम्ही तिला काय सांगितलंत, तेही सहा पानांत कुठं नाही.

व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोटही नाही. ते कलम लग्नानंतरच्या संबंधांपुरतं आहे. परस्परसंमतीचा रस्ता उरतो, पण त्याला तिची संमती लागते आणि आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. तुम्ही दोघं अजून एकाच घरात.

तुमच्या आईंना सुनेच्या कौमार्याची ‘डॉक्टरी तपासणी’ हवी आहे. २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयानं एका नवऱ्याची हीच मागणी संविधानाच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, भंग म्हणून फेटाळली. त्याआधी, २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं बलात्काराच्या खटल्यात बजावलं होतं की ‘टू फिंगर’ चाचणी, म्हणजे योनिमार्गात बोटं घालून होणारी तपासणी, करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. तेव्हा हा विषय घरात पुन्हा निघता कामा नये. मेसेजचे स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा विचारही सोडा. रोज जेवताना तिचं जुनं प्रकरण उगाळता, असं तुम्हीच लिहिलंय. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात अपमान, टोमणे हाही छळच आहे, आणि क्रूरता हे घटस्फोटाचं कारण. म्हणजे केस उभी राहतेय ती तिची, आणि तिचे पुरावे तुम्ही पुरवताय.

इतर वाचकांत कुणाचं वर्ष अजून शिल्लक असेल, तर कधी कळलं ती तारीख आजच कागदावर उतरवा आणि याच आठवड्यात वकील गाठा. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणू नका.

तुम्ही मात्र आधी बायकोशी नीट बोला. मग भेटायला या, जमलं तर दोघंही. येताना लग्नाचा दाखला आणा. पाडव्याचा फोटो नको, तो माझ्याकडे आहे.