विशेष गरजा असलेल्या बंद्यांचे समुपदेशन : नव्या सहकाऱ्यास

आपण या कामात नव्याने येत आहात, म्हणून आधी हे सांगतो की बंद्याने मान डोलावली म्हणजे त्याला समजले, असे कधीही गृहीत धरू नका. बौद्धिक अक्षमता असलेली बरीच माणसे आयुष्यभर बोलणी खाऊन प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणायला शिकलेली असतात. माझ्यासमोर एकाने नियमांचा कागद बराच वेळ वाचला आणि शांतपणे परत दिला. तो त्याने उलटा धरला होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. तेव्हापासून मी एका वेळी एकच गोष्ट सांगतो आणि ती त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावतो.

‘उद्धट’ असा शेरा असलेल्या बंद्याची श्रवणचाचणी झाली आहे का, हेही पाहा, कारण ज्याला हाक ऐकूच येत नाही तो आदेश मोडणारा ठरतो आणि शिक्षा भोगतो. याचे मला आजही वाईट वाटते. अपंगत्व असलेल्यांसाठी वाजवी सोयी करणे ही मेहरबानी नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या, बंद्यांना कसे वागवावे हे सांगणाऱ्या नेल्सन मंडेला नियमांपैकी पाचव्या नियमात ती कारागृह प्रशासनाची जबाबदारी मानली आहे. अधिकाऱ्यांशी बोलताना हा आधार जरूर घ्या, मात्र सूर भांडणाचा नसावा.

गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत स्पष्ट करा. सुटकेची तयारी मात्र कित्येक महिने आधी सुरू करा : ओळखपत्र, औषधांची चिठ्ठी, आणि दाराशी न्यायला येणारे एखादे माणूस.