पेटीमास्तरांच्या हाती बासरी

"तीस वर्षं भजनात पेटी वाजवली. बासरी घेऊन दोन महिने झाले, नुसती हवा निघते. डोकं गरगरतं. माले जमस नही. वयच झालं असेल ना?" अमळनेर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी हे विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

साठीनंतर नवं वाद्य धरणारे बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. पण 'जमत नाही' म्हणजे नेमकं काय, हे पाहिल्याशिवाय वयाला दोष देऊ नये. म्हणून गुरुजींना बासरी घेऊनच बोलावलं.

बासरी होती पांढरी तीनची (म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा असलेली), जवळपास अडीच फूट लांब. मोठ्या कलाकारांच्या हातात तशीच दिसते म्हणून घेतलेली. छिद्रांमधलं अंतर एवढं, की उजवी अनामिका ताणून थरथरत होती. नवख्याने पांढरी एकची, मध्यम आकाराची, दीडेक फुटाची बासरी घ्यावी. निम्मी अडचण तिथेच सुटते.

उरलेली अडचण पेटीनेच घातली होती, आणि ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पेटीत उजवा हात सूर वाजवतो, डावा भाता ओढतो. बासरीत सा, रे, ग डाव्या हाताच्या तीन बोटांवर. म्हणजे तीस वर्षांचा रियाज असलेल्या माणसाचा डावा हात सुरांच्या बाबतीत पहिलीतला. पेटीची पट्टी दाबायला बोट वाकवून टोक टेकवायचं. इथे बोट सपाट ठेवून पेराच्या गादीने छिद्र झाकायचं. टोकाने झाकलं की केसाएवढी फट राहते आणि सूर फाटतो. शिवाय पेटीवर शुद्ध मध्यमाला स्वतंत्र पट्टी असते, बासरीवर तो बोटांचं पहिलं छिद्र अर्धं झाकून काढावा लागतो. कान मात्र तयार असल्याने प्रत्येक चूक ठळक ऐकू येते आणि माणूस खचतो.

गरगरण्याचं कारण श्वास. गुरुजी रात्री सगळे झोपल्यावर गच्चीवर सलग दीड तास फुंकत. गावात 'पेटीमास्तर' म्हणून ओळख, बेसूर ऐकून लोक हसतील ही भीती. जोरजोरात फुंकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि चक्कर येते. अशा वेळी बासरी खाली ठेवून बसावं, श्वास आपोआप नेहमीसारखा होऊ द्यावा. थांबूनही चक्कर राहिली किंवा छातीत दुखलं, तर आधी डॉक्टर.

मग बेत ठरला. दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं, दिवसाउजेडी आरशासमोर. पहिला आठवडा एकही छिद्र झाकायचं नाही; ओठ 'फू' म्हणताना होतात तसे अरुंद करून फुंकेची धार फुंकायच्या छिद्राच्या पलीकडच्या कडेवर आपटवायची. सूर स्थिर झाला की एक बोट: ग. मग दोन: रे. तीन: सा. जिथे सूर फाटेल तिथे फुंक वाढवायची नाही, शेवटचं बोट तपासायचं. बोट उचलल्यावर गादीवर छिद्राचा पूर्ण गोल वळ दिसला, तर झाकण नीट. चंद्रकोर दिसली, तर फट.

दुपारच्या रियाजात पेटीशी सूर जुळेना, तेव्हा गुरुजी पुन्हा हिरमुसले. तो दोष कानाचा नव्हता. नळीतली हवा तापली की बासरी चढते, अंशामागे सुमारे तीन सेंट (पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमध्ये शंभर सेंट). पंधरा अंश तापली तर जवळजवळ अर्ध्या पट्टीचा फरक. खानदेशातल्या मे महिन्यात पेटीशी सूर जुळवायचाच असेल तर पहाटे जुळवावा. बासरी उन्हात, कूलरच्या झोतात ठेवू नये, बांबू तडकतो.

भीतीसाठी वेगळं काम दिलं: आठवड्यातून एकदा घरातल्या एकाच माणसासमोर दोन मिनिटं वाजवायचं, चुकलं तरी थांबायचं नाही. पहिली श्रोती नात होती. तिने ऐकून "आजोबा, परत" म्हटलं, हे सांगताना गुरुजींचा आवाज भरून आला.

चौथ्या महिन्यात मध्य सप्तक सरळ लागतं. सहाही बोटं लागणारा खालचा पंचम अजून फाटतो. उजव्या अनामिकेवर रोजची पाच मिनिटं चालू आहेत.